पायऱ्यांवरचा बाजार : संदर्भ हवा

माझ्या कामात माणसं मला पहिल्यांदा भेटतात ती रागावलेलीच. समाधानी माणसाला माझ्याशी बोलण्याचं कारणच पडत नाही.

इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लिहू शकतं आणि कोणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करू शकतं. मी तिथे थोडं लिहिते आणि पुष्कळ खोडते. या कामाला पगार नाही. पोटासाठी मी अमरावतीच्या एका शिकवणी वर्गात इतिहास शिकवते. या अंकाच्या संपादकांनी कोशातल्या कामाचे अनुभव मागितले, तेव्हा मी म्हटलं, "असलं निवृत्त माणसं लिहितात. मी अजून तिशीची नाही." ते म्हणाले, "शिव्या किती वर्षांच्या खाल्ल्यात ते सांगा." त्या हिशेबाने माझं निवृत्तीचं वय झालं आहे.

आमचा धंदा साधा आहे. लेखात विधान केलं की त्याला संदर्भ जोडायचा. संदर्भ म्हणजे दुसऱ्या कोणीतरी, ज्याला चुकल्यास लाज वाटण्याइतकं नाव आहे अशाने, छापलेला मजकूर. पुस्तक चालतं, वर्तमानपत्र चालतं, संपादक असलेलं नियतकालिक चालतं. आपला अनुभव चालत नाही. आजोबांनी सांगितलेलं चालत नाही. स्वतः छापून स्वतः वाटलेलं पत्रक तर मुळीच चालत नाही. संदर्भ नसला की आम्ही वाक्याच्या शेपटीला 'संदर्भ हवा' अशी पाटी लावतो. ती बरेच दिवस तशीच लटकत राहिली, तर वाक्य काढून टाकतो.

लोकांना हे अपमानासारखं वाटतं. परतवाड्याकडचे एक देवस्थानाचे विश्वस्त आपलं मंदिर पांडवकालीन असल्याचं पुन्हा पुन्हा लिहीत आणि मी पुन्हा पुन्हा काढत असे. वऱ्हाडात बहुतेक गावी पांडव मुक्कामाला होते. एवढे मुक्काम बघता तो अज्ञातवास होता की दौरा, असा प्रश्न मी चर्चापानावर विचारला. हे चर्चापान म्हणजे प्रत्येक लेखाच्या मागची भांडणाची खोली. विश्वस्तांनी उत्तर दिलं, "तुमच्यासारख्या नास्तिक लोकांमुळेच पाऊस पडत नाही." याला मी संदर्भ मागितला नाही.

सेमाडोहला पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका गृहस्थांनी लेखात लिहिलं, 'येथे वाघ हमखास दिसतो.' मी ते काढलं. त्यांनी कुठून तरी माझा नंबर मिळवला.

"मॅडम, तुमी काहून खोडून राहिल्या?"

"हमखास दिसतो याला आधार नाही."

"मंग काय वाघाची सही आनू?"

तो माणूस मला आवडला. पुढे त्याने रस्ते, बस, पावसाळ्यात कुठला नाला अडवतो, अशी नेमकी माहिती सरकारी प्रकाशनांच्या आधाराने घातली. ती आजही आहे. वाघ काढलेलाच आहे.

मी इतकी नियमाची झाले याचं माझ्या ओळखीच्यांना हसू येतं. कारण मी पत्रकांवर वाढले. मूर्तिजापूरच्या अलीकडे सावळखेड नावाचं तालुक्याचं गाव आहे. तिथे बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं पोटासाठी, पत्रकं तत्त्वासाठी. गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदांवरची ती पत्रकं हे माझं पहिलं वाचन. बालभारतीच्या आधी मला 'धडक', 'बेमुदत', 'मुजोर' आणि 'हजारोंच्या संख्येने' हे शब्द वाचता येत होते. शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं, तेव्हा मी सातवीत पत्रक लिहिलं आणि बाबांनी ते फुकट छापलं. दार बसलं. छापील कागदाने दार बसतं, हा माझा तेव्हापासूनचा विश्वास आहे. कोशात मी त्याच विश्वासाने गेले. फक्त तिथे गेल्यावर कळलं, की छापणाऱ्यालाही कोणीतरी प्रश्न विचारायचे असतात.

ते प्रश्न मला ज्याने शिकवले त्याचं कोशातलं नाव 'साधा वाचक'. आम्ही कैक वर्षं भांडलो. मी लिहिलेल्या प्रत्येक जोरकस वाक्याखाली त्याचा एकच शब्द असे : "आधार?" मला तो पुण्याचा कोणी निवृत्त गृहस्थ वाटायचा, दुपारी झोप न येणारा. एकदा मी तसं लिहिलंही. उत्तर आलं, "पुणे पाहिलेले नाही. अकोल्याला या, चहा पाजतो."

मी गेले. अकोल्याच्या बसस्टँडपासून चालण्याच्या अंतरावर औषधाचं दुकान आणि काउंटरमागे फिरोजभाई. वय चाळिशीचं, मराठी माझ्याहून स्वच्छ लिहिणारा, बोलायला बसला की तीन भाषांची खिचडी. मी समोर असताना एक बाई आल्या आणि झोपेची गोळी मागू लागल्या.

"चिठ्ठी?"

"अहो भाई, नेहमीचीच हाये."

"माहीत हाये खाला. चिठ्ठी आना, गोळी न्या."

बाई बडबडत गेल्या. फिरोजभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, अपना हिसाब सिंपल. दुकानात चिठ्ठी, कोशात आधार. मले त्या बाईवर भरोसा नाही असं नाही. पण उद्या दुसरी येईन तिच्यावर कसा ठेवू?" त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडणं कमी केली. बंद केली नाहीत.

आता मुद्द्याचं.

सावळखेडला मध्यभागी एक मोकळं मैदान आहे आणि त्यावर दर गुरुवारी बाजार भरतो. आसपासच्या मळ्यांतली भाजी, फळं, झेंडू-शेवंती, सगळं तिथे येतं. मी तान्ही असताना नगर परिषदेने त्या मैदानावर पक्की दुकानं बांधायचं ठरवलं होतं. पक्की दुकानं म्हणजे गाळे. गाळ्यात मोबाइल विकतात, मेथी विकत नाहीत. ती दुकानं झाली नाहीत आणि मैदान राहिलं. परवापरवा नगर परिषदेने मैदानाच्या तोंडाशी सिमेंटची कमान उभारली. कमानीला कोणाचं नाव द्यायचं, यावर नागरिकांकडून पुराव्यासह अर्ज मागवले.

विनोद हा तिथल्या एका भाजीवाल्या घरातला मुलगा. त्याचे वडील गुलाबराव वारले होते. आई कौसल्याबाई अजून बाजारात बसते. विनोदने कोशातल्या सावळखेडच्या लेखात एक वाक्य घातलं : 'बाजाराचे मैदान वाचवण्यासाठी भाजी उत्पादकांनी नगर परिषदेवर विराट मोर्चा काढला, नेतृत्व गुलाबराव यांनी केले.' खाली संदर्भ म्हणून जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचं जुनं कात्रण आणि जोडीला मोर्चाचं पत्रक. लेखाची छापील प्रत तो अर्जाला जोडणार होता. वडिलांचं नाव कमानीवर यावं, एवढीच त्याची धडपड.

पत्रक चालणार नव्हतं, पण कात्रण चालणार होतं. वर्तमानपत्र नाव असलेलं, बातमी ठळक, गुलाबरावांचा उल्लेख स्पष्ट. मी वाक्यातला 'विराट' तेवढा काढला आणि बाकी ठेवलं. मनातून मला बरं वाटलं. नेहमी अशा ठिकाणी कोणा भाऊसाहेबांचं नाव असतं. इथे एका भाजीवाल्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चापानावर फिरोजभाईंची एक ओळ होती. "पत्रकानुसार मोर्चा गुरुवारी सकाळी अकरा वाजता. बातमी गुरुवारच्याच अंकात. अंक पहाटे गावात येतो. बातमी मोर्चाच्या आधी कशी आली?"

मी कात्रण पुन्हा उघडलं. वरच्या कोपऱ्यात वार आणि तारीख होती. ती मीही पाहिली होती, म्हणजे डोळ्यांखालून गेली होती. आता मी बातमी शब्दशः वाचली. 'सूर्य आग ओकत असतानाही महिलांचा उत्साह तसूभरही कमी झाला नाही.' 'नगर परिषदेच्या मुजोर कारभाराला सणसणीत चपराक बसली.'

ही वाक्यं मला ओळखीची होती. मी त्यांच्यावर वाचायला शिकले होते.

बाबा आता माझ्याकडे अमरावतीलाच असतात. छापखाना केव्हाच मोडीत गेला. मी फोनवर कात्रण मोठं करून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि खुश झाले.

"जमलं होतं तेव्हा बरं का. 'सणसणीत चपराक' माझं."

"बाबा, ही बातमी तुम्ही लिहिलीत?"

"मग कोण लिहिणार? आपल्या गावचा वार्ताहर म्हणजे किराणा दुकानदार. त्याला वजनकाटा सोडून उठता येत नसे. पत्रक छापायचं त्याच बैठकीत बातमीही लिहून टाकायची. पाकीट एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचं. तो अकोल्याला पोचवायचा."

"मोर्चा निघण्याच्या आधी?"

"गाडी दुपारची. मोर्चा संपून लिहायला बसलं तर गाडी चुकते. म्हणून आदल्या दिवशी लिहून तयार ठेवायची आणि मोर्चाच्या दिवशी पाठवायची." त्यांना ते आठवत होतं. "त्या वेळी छापखान्यातल्या पोराने पाकीट बुधवारीच देऊन टाकलं. तिकडेही कोणी बघितलं नाही. लावलं गुरुवारच्या अंकात."

"मग मोर्चा निघाला का?"

"निघाला असणार. मी त्या दिवशी अमरावतीला कागद आणायला गेलो होतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"पंधरा लोकांनी माझ्यासमोर शपथ घेतली होती."

"बाबा, बातमी खोटी होती."

त्यांना राग आला नाही. माझ्या वडिलांना छापील अक्षरावरून कोणी काही म्हटलं तर ते समजूत घालायच्या सुरात बोलतात. "खोटी नव्हती, बाई. लवकर होती."

आता परिस्थिती अशी झाली. नियमाप्रमाणे ज्याला विश्वासार्ह संदर्भ म्हणतात तो संदर्भ माझ्या बापाने आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिला होता. अशा वेळी आमच्याकडे एक शिस्त आहे. ज्या विषयात आपलं नातं गुंतलं, ते उघड सांगायचं आणि त्या विषयाला आपण हात लावायचा नाही. मी चर्चापानावर सगळं लिहिलं. बातमीचा लेखक माझे वडील आहेत, ती घटनेच्या आधी लिहिली आहे, मी या वाक्यावर निर्णय देणार नाही. फिरोजभाईंनी वाक्य काढलं.

विनोदचा फोन लगेच आला.

"ताई, तुमच्याच बाबानं छापलं अन् आता तुमीच पुसून राहिल्या?"

"मी नाही पुसलं."

"पुसू तं देल्लं ना! अर्जाची मुदत संपून राहिली. मी बाबाचं नाव कोनत्या कागदावर दाखवू?"

मोर्चा खरंच निघाला असेल तर दुसरा काही आधार सापडेल, असं म्हणून मी गुरुवार गाठून सावळखेडला गेले.

कौसल्याबाई मैदानाच्या नळाच्या बाजूला बसतात. पुढे पोत्यावर गवार, भेंडी आणि सांभार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. मी बाबांचं नाव सांगितल्यावर त्यांनी मला उलटी टोपली बसायला दिली.

"मोर्चा?" त्या म्हणाल्या. "तो कोनता वं?"

"पत्रक निघालं होतं. गुरुवारी सकाळी अकराला."

"हां, तो! तो कुठं निघाला?" आणि त्या हसायलाच लागल्या. "लगीनसराई होती बाई. मेथीले भल्ला भाव. सगळे म्हनत होते, चला चला. अन् कोनी उठेना. मेथी उन्हात ठुली तं मोर्चाहून येईलोक तिचं गवत होते. बुडा म्हने, आधी माल इकू, मंग जाऊ. माल इकून होईलोक कचेरीले कुलूप."

बुडा म्हणजे गुलाबराव.

"मग मैदान कसं वाचलं?"

"त्याच्या पुढच्या गुरवारी आमी बाजारच घेऊन गेलो ना तिथं."

"कुठे?"

"नगरपरिषदेत." शेजारी कांद्यावर बसलेल्या बाईने न विचारता मान डोलावली. कौसल्याबाई सांगत होत्या. "मोर्चात माल सुकते. मंग माल घेऊनच जा ना बाप्पा! बैलांच्या बंड्या थेट कचेरीपुढं लावल्या. ज्याले पायरी भेटली तो पायरीवर, ज्याले व्हरांडा भेटला तो व्हरांड्यात. मी सायबाच्या खोलीच्या दारात बसलो, गवार अन् सांभार घेऊन."

"साहेब काही बोलले नाहीत?"

"बोलन काय? निघताना बायकोनं पिशवी देल्ली होती त्याले. सांजच्याले बाहीर आला, पावशेर गवार घेतली, अन् म्हने, उद्यापासून इथं बसाचं नाही. मी म्हनलं, सायेब, तिथं तुमी दुकानं बांधसान, मंग आमी इथंच. लोकाइले तं बरंच झालं. दाखला बी भेटे अन् भाजी बी. चार-पाच गुरवार बसलो आमी तसे. पाला खायले बैलं व्हरांड्यात शिरत. मंग त्याइनच निरोप पाठवला का जा, आपल्या मैदानात जा."

"आणि पुढे कोण होतं? म्हणजे पुढारी कोण?"

त्यांनी माझ्याकडे, वर्गात ढ मुलीकडे बघावं तसं बघितलं. "बाजारात पुढं कोन रायते वं? जागा भेटन तिथं बसते मानूस."

"गुलाबराव?"

"बंड्या राखत होता बाहीर. समद्यांच्या. बैलं बिथरले असते तं माल घरी कोनी नेला असता?"

मी विचारलं, हे त्या वेळी पेपरात का आलं नाही. बाबांनी पत्रक का काढलं नाही.

"तुह्या बापाले सांगतलंच नाही कोनी," त्या म्हणाल्या. "त्यानं छापलं असतं तं पोलीस आमच्या आधी पायऱ्यांवर बसले असते."

मी अमरावतीला परत येऊन बाबांना हे सांगितलं. त्यांनी महिना कोणता ते विचारलं. मग म्हणाले, "मी त्या पायऱ्यांवरून वांगी आणली होती. दोनदा. मला वाटलं, मैदानात चिखल झाला असेल." उन्हाळ्यात चिखल कसा होईल, हे मी विचारलं नाही. त्यांना ते माझ्या आधी सुचलेलं दिसत होतं. ज्या माणसाने आयुष्यभर न झालेल्या मोर्चांच्या सभोवार ऊन आणि उत्साह छापला, त्याच्या हातातल्या पिशवीत खरा लढा होता आणि त्याने त्याचं भरीत खाल्लं.

आमच्या धंद्यातली खरी अडचण इथे सुरू होते. जे झालं नाही त्याला कात्रण होतं. जे झालं त्याला काहीच नव्हतं. मी नगर परिषदेत चौकशी केली. जुन्या इतिवृत्तात एक ओळ सापडली : मैदानावरील दुकानांचा विषय तहकूब. का, ते नाही. तो विषय पुढे कधी आलाच नाही, म्हणजे कागदोपत्री तो अजून तहकूबच आहे. मी ती ओळ फिरोजभाईंना पाठवली आणि कौसल्याबाईंनी सांगितलेलंही.

ते फोनवर म्हणाले, "ताई, मले शंभर टक्के पटलं. आता सांगा, आधार?"

"सांगणारी जिवंत आहे, फिरोजभाई. दारात बसली होती ती."

"अन् तो देवस्थानवाला पन जिवंत हाये. त्याच्या आज्यानं त्याले पांडव सांगतले. कौसल्याबाईले घेतलं, तं त्याले कोनत्या तोंडानं नाही म्हनू?"

"दोन्ही एकच आहे का?"

"नाही. पन ते एक नाही हे कोन ठरवन? तुमी? मी?"

मी त्यांना बरंच सुनावलं. म्हटलं, तुमचा नियम फक्त छापणाऱ्यांचा इतिहास जपतो. ज्यांच्याकडे छापखाना नाही त्यांचं काहीच झालं नाही, असं जगाला सांगतो. ते म्हणाले, बरोबर आहे. आणि नियम तसाच ठेवला. मी चिडून फोन ठेवला, पण पांडवांचा प्रश्न माझ्याजवळच राहिला.

लेखात आता एवढंच राहिलं : 'मैदानावर दुकाने बांधण्याचा विषय तहकूब ठेवण्यात आला.' वाचणाऱ्याला वाटावं की विषयालाच कंटाळा आला.

हे सांगायला मी पुन्हा कौसल्याबाईंकडे गेले. फोनवर सांगणं मला भेकडपणाचं वाटलं. विनोदही तिथे होता. मला बघताच तो भेंडीच्या पोत्याकडे वळला. मी त्यांना लेख वाचून दाखवला.

"मोर्चा पुसला?" त्यांनी विचारलं.

"काढला. तो झालाच नव्हता ना."

"बरं केलं. अन् बाजार? पायऱ्यांवरचा?"

"तो लिहिता येत नाही. कुठे छापलेला नाही."

त्यांनी सांभाराच्या जुड्यांवर पाणी मारलं. "मंग तिथं काहीच नाही झालं म्हन ना," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकाला आज गवार नाही म्हणून सांगावं तसं. "आधी खोटं तरी होतं."

माझ्यावर आजवर जितक्या लोकांनी आरडाओरडा केला, त्यांतला एकही मला एवढा लागला नाही.

अर्जांची मुदत संपली. नगर परिषदेकडे बऱ्याच जणांची नावं आली, कोणाच्याच पुराव्यावर एकमत होईना, म्हणून निर्णय पुढे ढकलला गेला. कमानीवर नावाची जागा कोरी आहे. म्हणजे कोरी असती, पण तिथे सध्या एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे.

त्याच सुमारास या अंकाच्या संपादकांचा तो फोन आला. मी एक अट घातली. माझ्या शब्दावर काही छापायचं नाही. आधी सावळखेडला जायचं, मी बरोबर येणार नाही, कौसल्याबाईंना आणि त्या दिवशी बसलेल्या इतर बायकांना स्वतः विचारायचं. जुळलं तर घ्यायचं, नाही जुळलं तर तेवढा भाग कापायचा. ते गेले. कांद्यावरच्या बाईशी बोलले, फुलांवरच्या दोघींशी बोलले. किती गुरुवार बसलो यावर त्यांच्यात भांडण झालं. बसलो होतो यावर झालं नाही. संपादक भाजीची पिशवी घेऊन परतले आणि म्हणाले, लिहा.

मी फिरोजभाईंना विचारलं, हा लेख आधार म्हणून चालेल का. ते विचार करत असताना मागे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"संपादकानं तपासलं?"

"स्वतः जाऊन."

"मंग छापून आला का पान नंबर पाठवा. तुमी हात लावू नका, मी घालतो. 'असे कौसल्याबाई व इतर विक्रेत्या महिला सांगतात' असं लिहीन. त्याच्यापुढं एक शब्द जास्त नाही."

"'विराट' नको?"

"विराट तुमच्या बाबाले द्या."

बाबांनी हा लेख वाचला आहे. त्यांनी एकही शब्द बदलला नाही. मी 'जेवणाच्या टेबलावर' लिहिलं आहे, तर टेबल तेव्हा नव्हतं, जमिनीवर बसून लिहायचो, असं मात्र म्हणाले. ते वर चुकीचंच राहू दिलं आहे. दुरुस्ती इथे नोंदवते.

छापायला देण्याआधी मी कौसल्याबाईंनाही त्यांचा भाग वाचून दाखवला. त्यांनी आधी विचारलं, "बुड्याचं नाव हाये?"

"आहे. सगळ्यांच्या बंड्या राखत होते, असं."

"हं." विनोदकडे बघून त्या म्हणाल्या, "राखतच होता." विनोद भेंडी निवडत होता. त्याने मान वर केली नाही, पण या वेळी माझ्यासाठी उलटी टोपली त्यानेच सरकवली होती.

"अन् मी दारात बसलो, असंच लिहिजो," त्या म्हणाल्या. "आत गेलो असं नोको लिहू. आत मी नव्हतो गेलो."

"दारातच लिहिलंय."

"मंग आता तं नाही ना पुसत कोनी?"

मला खोटं सांगता आलं असतं. "पुसू शकतं, आजी. तिथं कोणीही येऊन पुसू शकतं."

"मंग काय करतं तू?"

"पुन्हा कोणीतरी घालतं. आधार दाखवून."

त्यांनी गवारीचा ढीग सारखा केला. "आमच्यावानीच हाये मंग तुमचं," त्या म्हणाल्या. "नगरपरिषदेची गाडी आली का उठाचं. गेली का तिथंच बसाचं." समोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. त्यांनी तराजू उचलला आणि माझ्या अंगावरून पलीकडे बघत म्हणाल्या, "हं बापू, काय देऊ?"